परमुलखांतील पेट्रोलपंप : पैसे आणि बक्षिसी

परदेशप्रवास ही आतां पूर्वीसारखी अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या कितीतरी घरांतील मुलें सातासमुद्रांपलीकडे नोकरीधंद्यास आहेत, आणि वर्षा-दोन वर्षांनीं त्यांचे आईबाप तिकडे जाऊन चार महिने राहून येतात. कित्येक कुटुंबें तर विमानांतून उतरल्याबरोबर भाड्याची मोटार घेऊन स्वतःच देश पाहावयास निघतात. अशा प्रवासाची तयारी करतांना पासपोर्ट, व्हिसा, औषधें, गरम कपडे, लाडू-चिवड्याचे डबे यांची आठवण प्रत्येकास होते. परंतु वाटेंत मोटारीची टाकी रिकामी झाली म्हणजे काय करावयाचें, हा प्रश्न घरून निघतांना कोणी स्वतःस विचारीत नाहीं. पंपावर जाऊन पोंचल्यावरच तो पुढें येतो. आणि तेव्हां पाठीमागें गाड्यांची रांग लागलेली असते.

आपल्याकडील रीत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. गाडी पंपाशीं उभी करावी. पंपावरचा माणूस ‘साहेब, झीरो बघा’ म्हणून आंकडा दाखवितो, सांगितलेल्या रुपयांचें पेट्रोल भरतो, आणि आपण रोख किंवा फोनवरून पैसे चुकते करून निघतों. त्याला वर कांहीं बक्षिसी द्यावी असा आपल्याकडे सर्वसाधारण रिवाज नाहीं. हीच रीत जगभर असेल असें कांहींजण गृहीत धरतात. दुसरे कांहीं याच्या अगदीं उलट, परदेशांत पावलोपावलीं टिप द्यावी लागते असें कोठेंतरी ऐकून, दिसेल त्याच्या हातावर नोट ठेवीत सुटतात. या दोन्ही समजुती सारख्याच फसव्या आहेत. कोठें बक्षिसी न देणें हें कोतेपणाचें ठरतें, तर कोठें ती देऊं करणें हेंच समोरच्यास अवघडविणारें होतें.

मग नवख्या माणसानें करावें काय? प्रत्येक देशाचे नियम पाठ करणें कोणासही शक्य नाहीं, व त्याची गरजही नाहीं. तीन प्रश्न मनाशीं ठेवावे. पेट्रोल कोण भरतो? पैसे आधीं द्यावयाचे कीं मागाहून? आणि भरणारा माणूस असेल, तर त्याची मजुरी कोणाच्या खिशांतून निघते? पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर पंपाकडे नीट पाहिल्यानें मिळतें. तिसऱ्याचें उत्तर डोळ्यांना दिसत नाहीं. आणि बक्षिसीचा सारा उलगडा मात्र त्याच्यांतच आहे. म्हणून आज चार-सहा देशांचीं उदाहरणें घेऊन हे तीन प्रश्न सोडवून पाहूं.

आरंभ मराठी मंडळींच्या विशेष परिचयाच्या मुलखापासून करूं. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, एडिसन व त्याच्या आसपासच्या गांवांतून, मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. या राज्यांत मोटारवाल्यानें स्वतःच्या हातानें पेट्रोल भरणें कायद्यानें मना आहे. हा कायदा १९४९ सालचा. त्या सुमारास हॅकेन्सॅक या गांवीं एका पंपवाल्यानें ‘आपलें आपण भरा आणि स्वस्तांत न्या’ अशी टूम काढली, व गॅलनमागें तो कांहीं सेंट कमी घेऊं लागला. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि शेजारच्या पंपवाल्यांचें धाबें दणाणलें. त्यांनीं कायदेमंडळाकडे धांव घेतली, आणि स्वहस्तें पेट्रोल भरणें धोक्याचें ठरून बंद झालें. कायद्यांत कारणें दिलीं आहेत तीं आगीच्या भयाचीं, अपायकारक वाफांचीं आणि वृद्ध व अपंग यांच्या गैरसोयीचीं. अमेरिकेंतील दुसरें असेंच राज्य ऑरेगॉन. तेथें १९५१ सालीं मनाई झाली, पुढें ती हळूहळू सैल होत गेली, आणि २०२३ सालीं राज्यभर स्वयंसेवेची मोकळीक मिळाली. न्यू जर्सीची मनाई मात्र अद्याप कायम आहे.

तेव्हां न्यू जर्सींत पंपाशीं जाऊन मोटारींतून उतरावयाचें नाहीं. कांच खालीं करावी, साधें पेट्रोल हवें असल्यास ‘रेग्युलर’ म्हणावें, आणि टाकी भरावयाची कीं ठराविक डॉलरांचें घ्यावयाचें तें सांगावें. पुष्कळ पंपांवर रोखीचा भाव व कार्डाचा भाव असे दोन निराळे भाव पाटीवर लिहिलेले असतात. रोखीचा थोडा कमी असतो, म्हणून पैसे कसे देणार हें आधींच सांगून टाकावें. भाव लिटरचा नसून गॅलनचा, आणि अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारें ३.७८५ लिटर. गॅलनला ३ डॉलर भाव असेल, तर लिटरला सुमारें ७९ सेंट पडले. पाटीवरील भावाच्या शेवटीं बारीक आंकड्यांत नऊ-दशांश सेंट लिहिण्याची तेथें जुनी चाल आहे. म्हणून २ डॉलर ९९ सेंट दिसले, तरी तो भाव ३ डॉलरच समजावा.

आतां बक्षिसी. ज्या अमेरिकेंत उपाहारगृहांत जेवणाच्या बिलावर शेंकडा पंधरा-वीस टिप न दिल्यास वाढणाऱ्याचा चेहरा उतरतो, त्याच अमेरिकेंत न्यू जर्सीच्या पंपावर बक्षिसीची अपेक्षा नसते. एकाच देशांत असा भेद कां? याचें कारण मजुरीच्या कायद्यांत आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणें सर्वसाधारण कामगाराची किमान मजुरी २००९ सालापासून ताशीं ७.२५ डॉलर आहे. परंतु ज्यांना नेहमीं टिप मिळते अशा नोकरांना, म्हणजे मुख्यतः वाढप्यांना, मालकानें रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेली भर टिपेंतून पडावी अशी योजना आहे. हा २.१३ चा आंकडा १९९१ सालापासून हललेला नाहीं. कित्येक राज्यांनीं आपापले दर वाढविले आहेत; तथापि पुष्कळ ठिकाणीं तत्त्व हेंच राहिलें आहे. याचा अर्थ असा, कीं तेथील वाढप्याला दिलेली टिप ही बक्षिसीच नव्हे. त्याच्या पगाराचा जो भाग मालकानें गिऱ्हाइकावर सोंपविला, तो आपण चुकता करीत असतों. पंपावरच्या माणसाची गोष्ट तशी नाहीं. त्याला न्यू जर्सीची पुरी किमान मजुरी मिळते, आणि ती आतां बहुतेक नोकरांस ताशीं १५ डॉलरांच्या वर आहे. त्याची मजुरी पेट्रोलाच्या भावांत येऊन गेली. म्हणून तेथें ‘थँक यू’ म्हणून निघावें, यांत कोतेपणा नाहीं. बाहेर बर्फ पडत असतां त्यानें आपण होऊन कांच पुसून दिली, तर एक-दोन डॉलर द्यावे. तो खुषीचा मामला आहे.

न्यू जर्सीची हद्द ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियांत गेलें, कीं दृश्य पालटतें. तेथें व अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत आपली गाडी आपणच भरावयाची. भरणारा माणूसच नाहीं, तेव्हां बक्षिसीचा प्रश्न मिटला. पण पैशांचा प्रश्न तेथें अधिक अवघड होतो, कारण पैसे बहुधा आधीं द्यावे लागतात. पंपावरच्या यंत्रांत कार्ड घातलें कीं तें ‘झिप कोड’, म्हणजे पोस्टाचा विभागक्रमांक, विचारतें. अमेरिकेंतील हा क्रमांक पांच आंकडी, आणि आपला पिनकोड सहा आंकडी. त्यामुळें हिंदुस्थानांतून नेलेलें कार्ड येथें पुष्कळदां अडतें, आणि कार्डांत पैसे असूनही यंत्र नाहीं म्हणतें. अशा वेळीं गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. आंत दुकानांत जावें, गल्ल्यावरच्या माणसास पंपाचा नंबर सांगावा, आणि ‘अमुक डॉलरांचें’ म्हणून पैसे द्यावे. बारा गॅलनांच्या टाकीला ३ डॉलर भावानें ३६ डॉलर लागतात. आपण ४० देऊन ठेवले आणि पेट्रोल ३६ चेंच बसलें, तर परत आंत जाऊन ४ डॉलर मागून घ्यावे. ते परत देण्याची तेथें रीतच आहे. मागण्यांत संकोच वाटूं देऊं नये.

यंत्रानें कार्ड घेतलें तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपण किती पेट्रोल भरणार हें यंत्रास आधीं ठाऊक नसतें. म्हणून तें खात्यांतील एक मोठी रक्कम तात्पुरती अडकवून ठेवतें व मागाहून खरी रक्कम वळती होते. व्हिसा व मास्टरकार्ड या दोन मोठ्या कार्डसंस्थांनीं या अडकवणुकीची कमाल मर्यादा २०२२ सालीं १२५ डॉलरांवरून १७५ डॉलर केली. म्हणजे पेट्रोल घेतलें तीस डॉलरांचें आणि खात्यांतून तूर्त अडकले पावणेदोनशें, असेंही होऊं शकतें. ज्याच्या कार्डामागें खात्यांत मोजकीच शिल्लक आहे, त्याची अशानें रात्रीं मुक्कामाच्या हॉटेलांत पंचाईत होते. म्हणून पंपावर बँकेच्या खात्यास थेट जोडलेलें डेबिट कार्ड न वापरतां उधारीचें क्रेडिट कार्ड वापरावें, अथवा वर सांगितल्याप्रमाणें आंत जाऊन रोख द्यावें.

‘आधीं पैसे टाका, मग पेट्रोल’ हा प्रकार पाहून आपल्या लोकांना कित्येकदां राग येतो. आम्ही कांहीं चोर आहों काय, असें मनांत येतें. पण या रीतीमागचा इतिहास कळला म्हणजे तो राग राहत नाहीं. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत २००५ सालीं रात्रपाळीवर असलेला चोवीस वर्षांचा एक तरुण, पैसे न देतां पळूं पाहणारी मोटार अडवावयास गेला, आणि त्या मोटारीखालीं फरफटत जाऊन मरण पावला. चोरीचें पेट्रोल होतें अवघें बारा डॉलरांच्या घरांतलें. त्याच्या आईबापांनीं चिकाटीनें खटपट केली, आणि २००८ सालापासून त्या प्रांतांत पेट्रोलाचे पैसे आधींच घेण्याची सक्ति झाली. तो नियम त्या तरुणाच्याच नांवानें ओळखला जातो. पुढें आल्बर्टा प्रांतानेंही अशाच कारणानें २०१८ सालीं हाच मार्ग धरला. तेव्हां कॅनडांत आपणांस आधीं पैसे मागितले गेले, तर तो आपल्यावरील अविश्वास समजूं नये. दिवस-रात्र एकट्यानें पंप सांभाळणाऱ्या कोणाच्या तरी मुलाचा जीव त्यानें राखला जातो, एवढें लक्षांत असावें.

याच्या उलट इंग्लंडांत अजून पुष्कळ पंपांवर पेट्रोल आधीं भरावयाचें व पैसे मागाहून आंत जाऊन, पंपाचा नंबर सांगून द्यावयाचे अशी पद्धति आहे. तेथें नवख्या माणसाच्या हातून होणारी चूक निराळ्या प्रकारची. घाईगर्दींत, मुलांच्या गडबडींत, पैसे द्यावयाचे राहूनच जातात आणि गाडी चालू होते. १९७८ सालच्या इंग्लंडांतील चोरीविषयक कायद्यांत पैसे चुकविण्याच्या हेतूनें निघून जाणें हा स्वतंत्र गुन्हा मानलेला आहे. हेतु नसला तरी खुलासे करण्यांत दिवस जावयाचा. म्हणून तेथें नळी जागेवर अडकविली, कीं पाय दुकानाकडेच वळले पाहिजेत. बक्षिसी तेथें नाहीं, कारण भरणारे आपणच.

आतां अशा देशाकडे वळूं, कीं जेथें बक्षिसी न देणें खरोखरच वाईट दिसतें. दक्षिण आफ्रिकेंत पेट्रोल भरण्याचें काम पंपावरच्या माणसानेंच करावयाचें असतें. तो नुसतें पेट्रोल भरीत नाहीं. कांच धुतो, विचारून तेल-पाणी पाहतो, चाकांतील हवा तपासतो. ही एवढी तत्परता कोठून आली? तेथें पेट्रोलाचा भाव सरकार ठरवितें, व तो दर महिन्याच्या पहिल्या बुधवारीं बदलतो. भाव सर्वांचा एकच असल्यामुळें कोणा पंपवाल्यास स्वस्त विकून गिऱ्हाईक ओढतां येत नाहीं. जी चढाओढ व्हावयाची ती सेवेची. सरकारी भावांतच पंपवाल्याच्या वाट्याचा जो भाग धरलेला असतो, त्यांत या माणसांच्या मजुरीचाही हिशेब असतो.

येथें चौकस श्रोता विचारील, कीं मजुरी जर भावांतच आली, तर न्यू जर्सीप्रमाणें येथेंही बक्षिसी नको ना? प्रश्न रास्त आहे. परंतु या देशांत काम मागणाऱ्या शंभर माणसांपैकीं तिसांहून अधिक बेकार आहेत. यंत्रें आणून या माणसांस घरीं बसविणें पंपवाल्यांस कठीण नव्हतें. तें होऊं नये म्हणूनच तेथें स्वयंसेवेस बंदी आहे. काम टिकलें, पण मजुरी तुटपुंजीच राहिली. आणि एका माणसाच्या मिळकतीवर मागें घरचीं अनेक माणसें अवलंबून असतात. म्हणून पांच-दहा रँड त्याच्या हातावर ठेवण्याचा प्रघात समाजानेंच पाडला. पांच-दहा रँड म्हणजे आपल्याकडील एक-दोन कप चहाचे पैसे. देणाऱ्यास तें जाणवत नाहीं, घेणाऱ्याचें मात्र दिवसाअखेर त्यांतून कांहीं जमतें. पैसे कार्डानें द्यावयाचे असल्यास तो यंत्र मोटारीपाशींच घेऊन येतो. कार्ड नजरेआड होऊं देऊं नये, आणि बक्षिसीसाठीं थोडी मोड वेगळी ठेवावी. मेक्सिकोंतही भरणारा माणूस असतो व त्याला कांहीं पेसो देण्याची चाल आहे. तेथें नळी लावण्यापूर्वीं आंकडा शून्यावर आहे ना, हें पाहण्याची आपली घरची संवय उपयोगीं पडते.

इटलीनें हाच प्रश्न वाण्याच्या रोखठोकपणानें सोडविला आहे. एकाच पंपावर दोन भाव लिहिलेले आढळतात. ‘सेर्वीतो’, म्हणजे माणसानें भरून दिलेल्याचा भाव, आणि ‘फाई दा ते’, म्हणजे आपलें आपण भरण्याचा भाव. पहिला लिटरमागें स्पष्टपणें चढा असतो. सेवेची किंमत पाटीवरच लावलेली, तेव्हां वेगळ्या बक्षिसीची जरूर उरत नाहीं. आपल्या लोकांची फसगत होते ती निराळ्याच ठिकाणीं. चढा भाव न वाचतां गाडी ‘सेर्वीतो’च्या बाजूस उभी राहते, आणि पावती पाहून मागाहून हळहळ वाटते. दुपारीं व रविवारीं माणूस नसतां यंत्रांत नोटा घालून पेट्रोल घेतां येतें. परंतु तें यंत्र मोड परत देत नाहीं. टाकींत तेवढें पेट्रोल न मावल्यास उरलेल्या रकमेची पावती मिळते, व ती घेऊन पंप उघडा असतां पुनः यावें लागतें. प्रवाशाला पुनः त्याच गांवीं येणें कोठून व्हावयाचें! म्हणून लहान नोटाच घालाव्या.

शेवटचें उदाहरण जपानचें. १९९८ सालापर्यंत तेथें आगीच्या भयास्तव स्वहस्तें पेट्रोल भरण्यास परवानगी नव्हती. आतां दोन्ही प्रकारचे पंप आहेत. जेथें माणसें असतात तेथें तीं धांवत सामोरीं येतात, कांच पुसतात, आणि आपण निघालों म्हणजे रस्त्यावरील गाड्यांकडे लक्ष ठेवून आपली मोटार बाहेर काढून देतात व कमरेंत वांकून नमस्कार करतात. ‘मान्तान’ म्हटलें म्हणजे टाकी भरून मिळते. इतक्या आदरातिथ्यानंतर आपला हात सहजच खिशाकडे जातो. पण तो तेथेंच थांबवावा. जपानांत बक्षिसीची चालच नाहीं. नीट काम करणें हें पगारांतच आलें, अशी त्या लोकांची समजूत आहे. जास्त दिलेले पैसे विसरून राहिले असें समजून ते परत द्यावयास माणूस मागें धांवण्याचा संभव अधिक. तेथें किंचित् मान लववून आभार मानावे. तीच त्या माणसाची खरी पोंच.

श्रोतेहो, या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. बक्षिसी ही सेवा किती चांगली झाली यावर ठरत नाहीं. तसें असतें, तर जपानांतील माणसाला ती सर्वांत मोठी मिळती. त्या देशानें श्रमाची किंमत कोणाकडून चुकती करविली आहे, यावर ती ठरते. मालकानें पुरी चुकती केली असेल तेथें आभार पुरतात. भावांत लावलेली असेल तेथें भाव वाचावा. आणि जेथें ती पुरी पडत नाहीं व समाजानें उरलेला भाग येणाऱ्या-जाणाऱ्यावर सोंपविला आहे, तेथें तो भाग देणें हें आपल्यावरचें देणें समजावें. अशा ठिकाणीं त्या रकमेचे रुपये करून मनांत गुणाकार करीत बसणें शोभत नाहीं. आणि मोठेपणा मिरविण्यासाठीं अवाच्या सवा देणेंही शोभत नाहीं.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून संपवितों. त्या देशाच्या लहान नोटा व नाणीं मोटारींत हाताशीं असूं द्यावीं. एक कार्ड अडल्यास उपयोगीं पडावें म्हणून दुसरें कार्ड जवळ ठेवावें. टाकी पाव उरली कीं पंप शोधावा. रात्रीं कित्येक पंपांवर माणूस नसतो, नुसतें यंत्रच असतें, आणि तें आपलें कार्ड घेईलच असें नाहीं. आणि जेथें कांहींच उमजत नाहीं, तेथें आपल्या आधीं उभा असलेला स्थानिक मोटारवाला काय करतो तें स्वस्थपणें पाहावें. तो खालीं उतरला, तर आपणही उतरावें. त्यानें कांच खालीं केली, तर आपणही तेंच करावें. आणि निघतांना त्यानें हातावर नाणें ठेवलें, तर आपलेंही नाणें तयार असावें.